लॅपटॉपची डिस्क बदलताना: जास्त जागा घ्यायची की जास्त वेग?



सध्या बैठकीला कुठेही गेलं तरी हिशेब लिहिणाऱ्या ताईंची एकच तक्रार असते, लॅपटॉप फार हळू चालतो. चालू करायचा, चहा ठेवायचा, चहा पिऊन झाला तरी पडद्यावर गोल फिरतंच आहे. मग चर्चा सुरू होते. कोणी म्हणतं, नवीनच घेऊन टाकू. कोणी म्हणतं, दुकानदार १ टीबीची मोठी डिस्क टाकायला सांगतोय. आणि कोणीतरी हमखास विचारतं, "२५६ जीबीची एसएसडी घ्या म्हणतात, पण त्याच्या आसपासच्या पैशात चौपट मोठी हार्ड डिस्क येते. मग लहान घेऊन आपण फसलो नाही का?"

प्रश्न रास्त आहे. बाजारात आपण असाच विचार करतो, त्याच पैशात जास्त मिळत असेल तर जास्त घ्यावं. तांदूळ, साखर, कापड यांना तो नियम लागतो. डिस्कला तो लागत नाही. का लागत नाही, ते या लेखात समजून घेऊ. पैसे संघाचे आहेत, म्हणजे महिन्याच्या महिन्याला बचत भरणाऱ्या प्रत्येकीचे आहेत. ठरावावर सही करताना आपण काय घेतोय ते कळलं पाहिजे.

ओटा, फळी आणि माळा

आधी एक घोळ मिटवू. दुकानात "मेमरी" हा शब्द दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरतात. एक रॅम आणि दुसरी डिस्क. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. त्या वेळी जे शिजतंय तेवढंच ओट्यावर असतं, आणि वीज गेली की ओटा रिकामा. डिस्क म्हणजे घरातली साठवणीची जागा. तिथे ठेवलेलं वीज गेली तरी राहतं. आपलं कॅशबुक, खतावणी, इतिवृत्ताचे फोटो, सभासदांची कागदपत्रं, सगळं डिस्कवर असतं. "४ जीबी मेमरी आहे" असं सांगितलं तर तो ओटा. "५०० जीबी" सांगितलं तर ती साठवण.

आता साठवणीचे दोन प्रकार. हार्ड डिस्क म्हणजे माळा. भरपूर मावतं आणि स्वस्त पडतं, पण काहीही काढायचं तर शिडी लावून चढावं लागतं. एसएसडी म्हणजे ओट्याशेजारची फळी. जागा कमी, पण हात लांब केला की डबा हातात.

शिडीचा भाग नुसता बोलण्यापुरता नाही. हार्ड डिस्कच्या आत खरोखर गोल चकत्या असतात, त्या फिरतात आणि एक बारीक दांडा त्यांच्यावरून सरकत माहिती वाचतो. लॅपटॉपमधली नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या. एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात (एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मिलिसेकंद). माहितीचा एक तुकडा हवा असेल तर दांडा योग्य जागी सरकेपर्यंत आणि चकतीचा तो भाग फिरून त्याच्याखाली येईपर्यंत थांबावं लागतं. दोन्ही मिळून साधारण १५ मिलिसेकंद धरा. पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो, त्यामुळे हे किरकोळ वाटेल.

पण लॅपटॉप चालू होताना एकच तुकडा लागत नाही. हजारो लहान लहान तुकडे लागतात, आणि ते डिस्कभर विखुरलेले असतात. समजा २०,००० तुकडे उचलायचे आहेत. प्रत्येकाला १५ मिलिसेकंद धरले तर ३०० सेकंद झाले, म्हणजे ५ मिनिटं. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, पेन ड्राइव्हसारख्या चिप असतात. तिथे एक तुकडा साधारण ०.१ मिलिसेकंदात मिळतो. तेच २०,००० तुकडे २ सेकंदांत. प्रत्यक्षात संगणक थोडी हुशारी करतो, जवळजवळचे तुकडे एका फेरीत उचलतो, त्यामुळे फरक अगदी एवढाच दिसेल असं नाही. पण "चहा पिऊन झाला तरी गोल फिरतंय" याचं कारण बहुतेक वेळा इथेच आहे.

म्हणूनच ५०० जीबीची हार्ड डिस्क काढून १ टीबीची हार्ड डिस्क टाकली तर लॅपटॉप पळायला लागत नाही. माळा दुप्पट मोठा केला म्हणून शिडी चढायचा वेळ कमी होतो का?

"मग ७,२०० वाली घ्या, ती फास्ट असते," असंही सांगतील. ती मिनिटाला ७,२०० वेळा फिरते हे खरं. पण वाट पाहायची ती सरासरी अर्ध्या फेरीची. ५,४०० ला अर्धी फेरी ५.६ मिलिसेकंदांची, ७,२०० ला ४.२ ची. वाचले दीड मिलिसेकंदसुद्धा नाहीत. त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

एसएसडीतही दोन जाती आहेत. साधी साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५०० एमबी वाचते आणि एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट वाचते. जुन्या जातीची ३,००० च्या पुढे जाते, नवीन आणखी वर. हार्ड डिस्क यात १०० च्या आसपास. खोक्यावर हे आकडे ठळक छापतात. पण तो वेग मोठी फाइल एका दमात हलवण्याचा आहे, आणि आपण दिवसभर सिनेमे कॉपी करत बसत नाही. एक्सेल उघडणं, पासबुक स्कॅन करणं, अहवाल टाइप करून मेल करणं, या कामांत हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर गेलात तर जमीन-अस्मानाचा फरक कळेल. साटावरून एनव्हीएमईवर गेलात तर बहुतेक कळणारही नाही. लॅपटॉपला जी बसते ती घ्यायची, विषय संपला.

आपल्याला जागा लागते तरी किती?

हा हिशेब दुकानात करायचा नाही, घरून करून जायचा. सोपा आहे.

समजा ग्रामसंघात १५ गट आहेत. प्रत्येक गटाच्या महिन्याच्या हिशेबाची ४ पानं स्कॅन केली आणि एक पान अर्ध्या एमबीचं धरलं, तर वर्षाला १५ × १२ × ४ × ०.५ म्हणजे ३६० एमबी. अर्धा जीबीसुद्धा नाही! एक्सेलच्या फाइली तर त्याहूनही लहान असतात.

आता फोटो. प्रत्येक बैठकीचे ५ फोटो, एक फोटो ३ एमबीचा. १५ × १२ × ५ × ३ म्हणजे २,७०० एमबी, २.७ जीबी. हिशेबाच्या कागदांच्या साडेसातपट जागा फोटोंनाच गेली.

आणि व्हिडिओ. मोबाईलवरचा एक मिनिटाचा चांगला व्हिडिओ १०० एमबीच्या वर जातो. ८ मार्चच्या कार्यक्रमाचं दोन तासांचं शूटिंग केलं तर त्या एका दुपारचे १२ जीबी. जागा खातो तो व्हिडिओ. हिशेब बिचारा कोपऱ्यात मावतो.

विंडोज आणि ऑफिससारखे प्रोग्राम मिळून ५०-६० जीबी धरा. पाच वर्षांचे कागद आणि फोटो मिळून १५ जीबीच्या थोडं वर. एसएसडी पूर्ण भरू द्यायची नसते, पाचवा हिस्सा मोकळा असला की ती नीट चालते. एवढं सगळं धरूनही व्हिडिओ बाहेर ठेवणाऱ्या ग्रामसंघाला २५६ जीबी पुरून उरतात. १२८ मध्येही आज बसेल, पण थोडी कसरत होईल. ज्या गटाचा स्वतःचा व्यवसाय आहे, जाहिरातीचे व्हिडिओ लॅपटॉपवरच तयार होतात, त्यांनी ५१२ बघावी. १ टीबीची एसएसडी हिशेबाच्या लॅपटॉपला मला तरी उधळपट्टी वाटते.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर घरी आल्यावर भांडण व्हायचं. २५६ जीबीची डिस्क लावली की लॅपटॉप २३८ दाखवतो. १ टीबीची ९३१ दाखवते. यात चोरी नाही. कंपनी १,००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या. शेर आणि किलोसारखं, वस्तू तीच, माप वेगळं.

दुकानात जाण्याआधी

आपल्या लॅपटॉपमध्ये आत्ता काय आहे ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स नावाच्या भागात गेलात की डिस्कसमोर एचडीडी किंवा एसएसडी लिहिलेलं दिसतं. एचडीडी म्हणजे हार्ड डिस्क. लॅपटॉप अडकलेला असताना तिथे डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर चिकटून बसला असेल, तर दुखणं डिस्कचं. पण तिथे आधीच एसएसडी असेल आणि रॅमचा आकडा ९० च्या वर असेल, तर दुखणं ओट्याचं आहे. अशा वेळी डिस्क बदलून पैसे वाया जातील, रॅम वाढवावी लागेल. ४ जीबी रॅमवर आजकाल ओढाताणच होते.

काही स्वस्त लॅपटॉपमध्ये ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी नावाची चिप बोर्डावरच चिकटवलेली असते. ती काढून दुसरी टाकता येत नाही. सेकंडहँड लॅपटॉप घेताना हे आधी विचारा. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी साठवण आणि ४ जीबी रॅम लागते, म्हणजे असा लॅपटॉप विंडोजनेच भरून जाणार. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवले. त्यामुळे जुने लॅपटॉप आता बाजारात बरेच येतील आणि स्वस्तात येतील. नुसती किंमत बघून हुरळू नका.

बसणार कुठली, हा पुढचा प्रश्न. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी सहसा तशीच बसते. नव्या लॅपटॉपमध्ये च्युइंगमच्या पट्टीसारखी लांबट एम डॉट टू डिस्क असते, आणि त्यातही साटा की एनव्हीएमई हे बघावं लागतं. दिसायला दोन्ही सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल नंबर मोबाईलमध्ये फोटो काढून न्या. दुकानदाराला तेवढं पुरतं.

जुन्या डिस्कमधला सगळा माल नव्या डिस्कवर जसाच्या तसा उतरवून मिळतो, त्याला क्लोनिंग म्हणतात. इथे डिस्कची एकूण जागा बघायची नसते, वापरलेली जागा बघायची. जुनी ५०० जीबीची असेल पण भरलेली १२० असेल, तर २५६ च्या एसएसडीवर ती आरामात उतरते.

"एसएसडी लिहून लिहून झिजते म्हणे," हे पण ऐकलं असेल. झिजते. म्हणून कंपनी किती टीबी लिहिण्यापर्यंत हमी देते ते सांगते. २५० जीबीच्या आसपासच्या साध्या एसएसडीवर तो आकडा ८० ते १५० टीबी असतो. आपण रोज १० जीबी लिहिले, आणि एवढं आपण लिहीत नाही, तरी वर्षाला ३.६५ टीबी होतात. ८० टीबी संपायला वीस वर्षांच्या वर लागतील. त्याआधी लॅपटॉपचं बिजागर तुटेल.

भाव इथे मुद्दाम छापत नाही. हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत ते बदललेले असतात. या धंद्यात भाव कसे उडतात बघा. २०११ साली थायलंडमध्ये महापूर आला. जगातल्या हार्ड डिस्कचा मोठा वाटा तिथल्या कारखान्यांतून येत होता. कारखाने पाण्याखाली गेले आणि काही आठवड्यांत जगभर हार्ड डिस्क महागल्या, कुठे कुठे तर दुप्पट झाल्या. पूर तिकडे आणि महागाई इकडे. तेव्हा खरेदीच्या आठवड्यातच तीन ठिकाणचे कोटेशन घ्या. बदलापूर, उल्हासनगर आणि कल्याण तर जवळच आहेत, आणि ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड लोकलने एका दिवसात करून येता येतो. कोटेशनवर नुसतं "हार्ड डिस्क २५६" लिहून घेऊ नका. कंपनी, मॉडेल, साटा की एनव्हीएमई, किती वर्षांची वॉरंटी, क्लोनिंगची मजुरी धरून की वेगळी, हे सगळं लिहून घ्या. बिलावर डिस्कचा सिरीयल नंबर पाहिजे. ऑडिटलाही तो लागतो आणि वॉरंटीलाही.

जुनी काढलेली डिस्क नवी म्हणून गळ्यात पडू नये, यासाठी क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो डिस्क आजवर किती तास चालली ते दाखवतो. नव्या डिस्कवर हजारो तास दिसले तर तिथेच परत करा. मोबाईलवर "२ टीबी, फक्त काही शे रुपयांत" अशा जाहिराती येतात, त्यांच्या नादी तर लागूच नका. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि ती २ टीबी असल्याचं खोटं सांगते. भरेपर्यंत कळत नाही, आणि कळतं तेव्हा नंतर टाकलेलं सगळं गेलेलं असतं.

माळा टाकून द्यायचा नाही

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी हार्ड डिस्कच्या विरोधात आहे. अजिबात नाही. ज्या घरात पाणी शिरतं तिथे माळ्याची किंमत सांगावी लागत नाही. हेंद्रेपाड्यातल्या ताईंना तर नाहीच नाही. उल्हास नदी चढायला लागली की गाद्या, धान्य, मुलांची दप्तरं आधी वर जातात. २६ जुलै २००५ चा पूर मोठ्यांना आठवतो आणि २७ जुलै २०१९ चा सगळ्यांनाच. त्या दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. तळमजल्यावरच्या कपाटातला लॅपटॉप अशा वेळी कोण आठवतं?

लॅपटॉप पाण्यात गेला तर आत एसएसडी होती की हार्ड डिस्क, हे बोलण्यात अर्थ उरत नाही. एक फरक मात्र लक्षात ठेवा. हार्ड डिस्क बिघडायच्या आधी बरेचदा टक-टक आवाज करते, अडखळते, म्हणजे थोडी सूचना देते. एसएसडी पुष्कळदा काही न बोलता एका सकाळी दिसायचीच बंद होते, आणि तिच्यातलं परत काढणं अवघड असतं. रिक्षातल्या गचक्यांना एसएसडी चांगली टिकते, चालू हार्ड डिस्क मात्र पडली की संपली. दोघींच्या खोडी वेगळ्या. म्हणून कामाला फळी आणि साठवणीला माळा, दोन्ही ठेवायचं.

लॅपटॉपमधून काढलेली जुनी हार्ड डिस्क चांगल्या स्थितीत असेल, तर तिच्यासाठी यूएसबीचं कव्हर मिळतं. ते फार महाग नसतं. त्यात घातली की ती बाहेरची डिस्क झाली. कार्यक्रमांचे व्हिडिओ, जुन्या वर्षांचे फोटो आणि चालू हिशेबाची एक प्रत तिच्यावर ठेवा. महिन्याची बैठक झाली की त्याच दिवशी प्रत काढायची आणि इतिवृत्तात एका ओळीत नोंद करायची, "आज प्रत काढली." ही डिस्क लॅपटॉपच्या पिशवीत ठेवायची नाही. नदीपासून लांब, उंचावर घर असलेल्या पदाधिकारी ताईंकडे ठेवायची. अशा कपाटातल्या साठवणीसाठी एसएसडी वापरू नका. वर्ष-दोन वर्षं वीज न लागता पडून राहिली तर तिच्यातली माहिती विस्कटू शकते.

शिवाय कागदांची एक प्रत गूगल ड्राइव्हवर ठेवता येते. १५ जीबी फुकट असतात, पण मेल आणि मोबाईलचे फोटो त्यातच मोजले जातात. म्हणून संघाच्या नावाचं वेगळं खातं काढा आणि पासवर्ड दोघींकडे ठेवा. वर्षाचे ३६० एमबी धरले तर हिशेबाचे कागद तिथे कित्येक वर्षं मावतील. नोंदी ॲपवर भरतो मग प्रत कशाला, असं काही जणी म्हणतात. ॲपवर आकडे जातात. सह्यांचं पान, पावती, कर्जमागणी अर्ज, बँकेचं मंजुरीपत्र हे तुमच्याकडेच राहतं, आणि बँक नेमकं तेच मागते.

जुनी डिस्क मोडीत काढायची झाली तर भंगारवाल्याच्या तराजूत तशीच टाकू नका. तिच्यावर आपल्या सभासदांची आधार कार्डं, पासबुकाची पहिली पानं, वारसांची नावं आहेत. फाइल डिलीट केली की नाव पुसलं जातं, माल तिथेच असतो, आणि साध्या प्रोग्रामने तो परत काढता येतो. डिस्क चालत असेल तर संपूर्ण फॉरमॅट करा. त्यासाठी फॉरमॅटच्या खिडकीतली क्विक फॉरमॅटची खूण काढायची असते. त्याला काही तास लागतील, लागू द्या. बंद पडलेली असेल तर दुकानदाराकडून कव्हर उघडून घ्या आणि आतल्या चकत्या तुमच्या डोळ्यांसमोर फोडायला लावा. सोबत संघातली आणखी एक ताई असू द्या, आणि ठरावात दोघींची नावं लिहा.